फास्ट ट्रेन, फास्ट कलर आणि एकादशीचा फास्ट: एकाच शब्दाचं इतकं कसं काय?

ताई, तुमच्या सातवीतल्या मुलीनं विचारलंय की फास्ट म्हणजे वेगात, मग फास्ट म्हणजे उपवास कसा, आणि गोष्टीच्या पुस्तकात "फास्ट अस्लीप" लिहिलंय तर माणूस फास्ट झोपतो म्हणजे नेमकं काय करतो. शाळेत टीचरनी सांगितलं की हे वेगवेगळे शब्द आहेत, पाठ करा. मी पंचवीसेक वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतोय आणि या एका चार अक्षरी शब्दानं मला दोनदा चांगलंच तोंडावर पाडलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर सांगून टाकतो. पाठ करायची काही गरज नाही, हा सगळा एकच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ "वेगात" नाहीच. मूळ अर्थ आहे घट्ट. पक्का, रोवलेला, न हलणारा. म्हणजे आज आपण ज्या अर्थाने वापरतो त्याच्या जवळजवळ उलटा. जुन्या इंग्रजीत हा शब्द "फॅस्ट" असा होता आणि हजार वर्षांपूर्वी एखाद्या इंग्रज माणसाला तुम्ही "फॅस्ट घोडा" म्हणाला असता तर त्याच्या डोळ्यासमोर खुंट्याला बांधलेला घोडा आला असता. जर्मनमध्ये आजही "फेस्ट" म्हणजे घट्ट, ठाम. डॅनिशमध्ये "फास्ट" म्हणजे कायमचा, ठरलेला. म्हणजे बाकीच्या बहिणी जागच्या जागी राहिल्या आणि इंग्रजीवाली तेवढी पळाली.

हा घट्टपणा इंग्रजीत अजून जागोजागी सापडतो, आपलं लक्ष जात नाही इतकंच. "फासन युअर सीटबेल्ट" मधला फासन म्हणजे घट्ट कर, स्पेलिंगमध्ये टी आहे पण तो उच्चारत नाहीत. "स्टेडफास्ट" म्हणजे जागेवर घट्ट, स्टेड म्हणजे जागा, आणि त्या स्टेडचं नातं थेट आपल्या "स्था" धातूशी आहे, स्थान स्थिर स्थिती वगैरे. ९९१ साली इंग्लंडमध्ये माल्डनला व्हायकिंगांशी लढाई झाली, तिच्यावरच्या जुन्या कवितेत सैनिक "स्टेडफास्ट" उभे राहिले असं येतं, म्हणजे पाय रोवून. स्कॉटलंडमधल्या मॅक्लाउड घराण्याचं ब्रीदवाक्यच "होल्ड फास्ट" आहे. जुने खलाशी हीच आठ अक्षरं दोन्ही हातांच्या बोटांवर गोंदवून घ्यायचे, एका बोटाला एक, म्हणजे वादळात दोरावरचा हात सुटू नये. आणि समुद्री चाचे सिनेमात "अव्हास्ट!" ओरडतात ना, थांबा या अर्थाने, तेही डच भाषेतल्या "घट्ट धर" वरून आलंय असं मानतात. म्हणजे फास्ट म्हणजे थांब. घ्या!

आता माझी फजिती. पहिली अगदी सुरुवातीची, तेव्हा मी नवीन होतो आणि कॉन्फिडन्स भरपूर होता. सह्याद्रीबद्दलचा एक जुना इंग्रजी मजकूर आला होता, त्यात मराठ्यांचे "माउंटन फास्टनेसेस" असा उल्लेख. मी ठोकून दिलं, "मराठ्यांची डोंगरातील चपळाई". वाक्यात बसतही होतं हो, गनिमी कावा आणि चपळाई, कुणाला संशय येणार. आमचे तपासणारे एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी लाल पेनानं फक्त एक शब्द लिहून कागद परत पाठवला: "गड." फास्टनेस म्हणजे बळकट जागा, किल्ला. इंग्रज अधिकारी आपल्या डोंगरी किल्ल्यांना सर्रास हा शब्द वापरायचे. तुम्ही कधी जुने इंग्रजी गॅझेटियर वाचलेत तर हा शब्द भेटेल, तेव्हा माझी आठवण काढा.

दुसऱ्या वेळी चूक माझी नव्हती, माझ्या हाताखालच्या मुलाची होती, पण सही माझी जाणार होती. बोटीवरच्या कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना होत्या, त्यात "मेक फास्ट द लाइन" असं वाक्य. त्यानं केलं होतं "दोर लवकर करा". दोर लवकर करा म्हणजे काय करा? बरं दोर लवकर केला आणि बांधलाच नाही तर बोट गेली की धक्क्यावरून. मेक फास्ट म्हणजे दोर खुंटाला पक्का बांधून टाका. छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी सापडलं ते.

तर मग प्रश्न उरतो की घट्ट पासून वेगात कसं झालं. इथे लोक फार डोकं खाजवतात, इंग्रजीतले मोठे मोठे कोश पण इथे जरा जपून बोलतात, पण मला विचाराल तर मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही. आपल्याकडे एक शब्द आहे ज्यानं हूबेहूब हीच उडी मारलीय. "जोरात."

जोर म्हणजे ताकद, फारसीतून आलेला शब्द. आता बघा हं. "दोरी जोरात धर", इथे जोरात म्हणजे घट्ट. "खिळा जोरात मार", म्हणजे ताकदीनं. "पाऊस जोरात पडतोय", म्हणजे ताकदीनं पण आणि भराभर पण, दोन्ही. आणि "जोरात पळ, बस सुटेल", इथे काय? इथे ताकद बाजूलाच राहिली, निव्वळ स्पीड. "गाडी जोरात चालवू नको" असं आई म्हणते तेव्हा तिला स्पीडच म्हणायचा असतो, ताकदीनं चालवू नको असं नाही. चार वाक्यांत घट्ट पासून वेगापर्यंत आलो की नाही, आणि मधे कुठे सांधा दिसला का? इंग्रजीतही असंच झालं. आधी "फास्ट धरणं" होतं, मग "फास्ट लढणं" म्हणजे निकरानं लढणं, मग पाऊस फास्ट, मग धावणं फास्ट. निकरानं धावणारा माणूस वेगात धावणारच, त्यामुळे ऐकणाऱ्यानं हळूहळू निकर विसरून वेग तेवढा लक्षात ठेवला. साधारण १३व्या शतकापासून क्रियाविशेषण म्हणून हा वेगाचा अर्थ दिसतो, आणि "फास्ट घोडा" असं विशेषण म्हणून यायला पुढे १६वं शतक उजाडलं. म्हणजे आधी "जोरात" झालं आणि मग त्यावरून "जोरात गाडी" म्हणायला लागले तसं.

आणि जोरात एकटा नाही. "जलद" घ्या. जलद गाडी म्हणतो ना आपण स्टेशनवर, तो जलद म्हणजे संस्कृतातला पाणी देणारा ढग नव्हे, तो वेगळा. हा फारसी "जल्द", आणि फारसीत तो अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ कणखर, टणक, सोशीक. म्हणजे इथेही तेच, आधी टणक आणि मग वेगवान! त्यामुळे प्लॅटफॉर्मवर "जलद" म्हणा की "फास्ट", दोन्ही शब्द एकाच वाटेनं चालत आलेत, एक अरबस्तानातून आणि एक उत्तर युरोपातून, आणि दादरला भेटलेत. मला ही गोष्ट कळली तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, बायको वैतागली शेवटी.

जाता जाता, वेगासाठी इंग्रजीतला दुसरा शब्द "क्विक", त्याचाही मूळ अर्थ वेगात नाही. क्विक म्हणजे जिवंत. आपला "जीव" आणि तो "क्विक" एकाच मुळाचे. बायबलच्या इंग्रजीत "द क्विक अँड द डेड" येतं ते चपळ आणि मेलेले असं नाही, जिवंत आणि मेलेले. नखाखालच्या नाजूक मांसाला क्विक म्हणतात, आणि "कट टु द क्विक" म्हणजे आपल्याकडचं जिव्हारी लागणं. पण तो वेगळा विषय झाला, परत फास्टवर येतो.

उपवास. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे मराठी इतकी मदत करते की इंग्रज लोकांनी आपल्याकडे येऊन शिकावं. आपण उपवासाला काय म्हणतो? उपवास "धरला". चतुर्थी धरली, सोमवार धरले. आणि संध्याकाळी? उपवास "सोडला". आपल्याला यात काही विशेष वाटत नाही पण नीट बघा, उपवास ही आपल्या भाषेत हातात घट्ट धरायची वस्तू आहे. इंग्रजी फास्टही तेच. न खाणं हा मूळ अर्थ नाहीच त्यात, मूळ अर्थ नियम घट्ट धरणं. गॉथिक नावाची एक जुनी जर्मन कुळातली भाषा होती, तिच्यात ४थ्या शतकात बायबलचं भाषांतर झालं, त्यात "फास्टान" हे एकच क्रियापद आज्ञा पाळणं यासाठी पण येतं आणि उपवास करणं यासाठी पण. पुढे नियम धरला म्हणजे कुठला तर न खाण्याचाच, असं रूढ झालं आणि बाकीचे नियम गळून पडले. आपण "कडक उपवास" म्हणतो बघा, त्यातही कडक आहेच. आणि जुन्या इंग्रजीत तर "फॅस्टेन" हा शब्द किल्ला आणि उपवास दोन्हीसाठी होता, म्हणजे माझ्या त्या चपळाईपेक्षा भारी घोळ घालायची सोय होती.

फरक एवढाच की आपण उपवास सोडतो आणि इंग्रज तो मोडतात, ब्रेक करतात. ब्रेकफास्ट तिथूनच, रात्रभराचा उपास मोडायचा. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण "डिनर" पण त्याच अर्थाचा आहे हे माहितीये का? लॅटिनमध्ये उपास मोडणे असा शब्द होता, तो फ्रेंचमध्ये झिजून झिजून डिनर झाला. म्हणजे व्युत्पत्तीनं डिनर हाही ब्रेकफास्टच. त्याच लॅटिन शब्दावरून फ्रेंचांनी "देजने" पण काढला, त्याचं झालं दुपारचं जेवण, मग सकाळच्याला काय म्हणायचं म्हणून "छोटा देजने" करावा लागला. आणि आपली न्याहारी? फारसीत "नाहार" म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी, ना अधिक आहार. त्यावरून उपास मोडायचं खाणं ते नहारी, आपली न्याहारी. सगळी दुनिया सकाळी उठून उपास मोडतेय, आणि आपण कांदेपोहे खाताना ब्रेकफास्ट म्हणतो की न्याहारी यानं अर्थात काडीचा फरक पडत नाही.

उपवास हा आपला शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आलाय, उप म्हणजे जवळ आणि वस् म्हणजे राहणं, जवळ राहणं, देवाच्या म्हणा अग्नीच्या म्हणा. उपोषण हेही त्याच वस् वरून. आणि गंमत म्हणजे इंग्रजी "वॉज", आय वॉज हि वॉज मधला, तो याच वस् चा सख्खा भाऊ आहे. तुमच्या मुलीला सांगा, उपवासातला वास आणि भूतकाळातला वॉज एकाच घरातले, टीचरना विचार म्हणावं. नको, टीचरना नको, उगाच तिचे मार्क जातील.

मराठी वर्तमानपत्रांत "आमरण उपोषण" सर्रास येतं त्याला इंग्रजीत "फास्ट अंटु डेथ" म्हणतात. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ ला जातीय निवाड्याविरुद्ध उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला पुणे करार झाला, तेव्हा जगभरच्या इंग्रजी पेपरांत हेच शब्द होते. मी शिकवायचो तेव्हा एका मुलानं याचं मराठी "मृत्यूकडे वेगाने" असं केलं होतं, आणि खरं सांगू का, मला ते खोडताना जरा वाईट वाटलं.

इथेच एक व्यवहाराचं सांगतो. आपल्याकडे "आय हॅव फास्ट टुडे" असं बोलतात, मला आज उपवास आहे याचं शब्दशः. इंग्रजीत तसं नाही म्हणत, "आय ॲम फास्टिंग टुडे" म्हणायचं. लॅबवाले फास्टिंग शुगर म्हणतात तोच फास्टिंग. आणि साबुदाण्याची खिचडी, रताळी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असं सगळं चालणाऱ्या आपल्या उपवासाला इंग्रज माणूस फास्ट म्हणणार नाही, त्याच्या दृष्टीनं तो "फीस्ट" आहे. हो, फीस्ट म्हणजे मेजवानी आणि फास्ट म्हणजे उपास, दोन्ही शब्द एवढे सारखे दिसतात म्हणून एकाचेच असतील असं वाटतं पण नाहीत, फीस्ट लॅटिनमधून आलेला. कॉलेजचं फेस्ट पण तिकडचंच. बेलफास्ट शहराचाही काही संबंध नाही, ते आयरिश भाषेतलं नाव आहे.

आता "फास्ट अस्लीप". हे तर तुम्ही स्वतःच सोडवाल. झोपेत घट्ट रुतलेला, म्हणजे आपली गाढ झोप. आणि आपला गाढ तरी काय आहे, संस्कृतात गाढ म्हणजे घट्ट, दाबून बसलेला. गाढ आलिंगन म्हणतो ना. तसंच "फास्ट फ्रेंड्स" म्हणजे पटकन झालेले मित्र नव्हेत, घट्ट मित्र. इथे तर मराठीत शब्द पण तोच.

"फास्ट कलर" ची गोष्ट माझ्या घरातली. आईनं एकदा लाल काठाची पांढरी सुती साडी आणली, दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ताई कलर एकदम फास्ट आहे. पहिल्या धुण्यात अख्खी साडी गुलाबी, सोबत वडिलांचे दोन बनियनही गुलाबी. वडील म्हणाले, त्यानं खोटं नाही सांगितलं, रंग फास्टच होता, फास्ट गेला. आम्ही वर्षानुवर्षं हा जोक सांगून हसलो. पण फास्ट कलर म्हणजे कापडाला घट्ट धरून बसलेला रंग, जो धुतल्यावर "रन" होत नाही. इंग्रजीत रंग पसरण्याला रन म्हणतात, तेव्हा जो फास्ट आहे तो रन करत नाही, हे वाक्य लिहून ठेवा आणि मुलीला दाखवा. आपला जुना शब्द बरा, पक्का रंग. अलीकडे काही लोक भडक रंगालाच फास्ट कलर म्हणतात, "हा फार फास्ट वाटतो, जरा लाइट दाखवा", तो अर्थ आपला देशी, इंग्लंडात नाही चालणार.

"हार्ड अँड फास्ट रूल" मधला फास्ट पण घट्टच, तो खलाशांकडून आला, जहाज वाळूत रुतून बसलं की हार्ड अँड फास्ट. "फास्ट अँड लूज" मात्र मजेशीर आहे. १६व्या शतकात इंग्लंडच्या जत्रांमध्ये एक फसवणुकीचा खेळ चालायचा, चामड्याचा पट्टा गुंडाळून टेबलावर ठेवायचा, गिऱ्हाइकानं त्याच्या वळीत काडी खुपसायची आणि पैज लावायची की काडी अडकली म्हणून, आणि खेळवणारा पट्टा ओढायचा तर काडी मोकळी. घट्ट की सैल? नेहमी सैलच, कारण गुंडाळण्यातच मेख. आपल्या जत्रेत तीन पत्त्यांवर पैसे लावून घेतात त्याचा चुलतभाऊ. त्यावरून कुणाला कधी धरायचं कधी सोडायचं असा खेळ करणाऱ्याला "प्लेइंग फास्ट अँड लूज" म्हणायला लागले. शेक्सपिअरच्या नाटकांत पण येतो हा खेळ.

आणि एक शब्द असा आहे ज्यात फास्ट होता पण लोकांनी तो हरवला. "शेमफेस्ड", म्हणजे शरमिंदा. सगळ्यांना वाटतं शरमेनं चेहरा पडला म्हणून फेस. मूळ शब्द "शेमफास्ट", शरमेनं बांधलेला, मर्यादशील. लोकांना त्यातला फास्ट कळेनासा झाला कारण तोवर फास्ट म्हणजे वेगात झालं होतं, मग ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं तिथे चेहरा बसवला. भाषेत असं फार होतं.

जर्मन लोकांनी तर याहून वेगळंच केलंय, त्यांच्याकडे "फेस्ट" म्हणजे घट्ट हे सांगितलं वर, पण त्याच घरातला "फास्ट" म्हणजे जवळजवळ, ऑलमोस्ट! तुमचा कुणी नातेवाईक पुण्यात मॅक्समुलर भवनला जर्मन शिकत असेल तर त्याला विचारा, पहिल्या लेव्हलला सगळे यावर अडखळतात, "फास्ट फेर्टिग" वाचून त्यांना वाटतं पटकन संपलं, तर अर्थ जवळजवळ संपलं. घट्ट म्हणजे चिकटून, चिकटून म्हणजे जवळ, जवळ म्हणजे जवळजवळ. आपलं "जवळजवळ" पण जवळ वरूनच नाही का.

मुलीला आता व्याख्या नका देऊ, एक वाक्य द्या. आषाढी एकादशी, सकाळची वेळ, कर्जतवरून निघालेली फास्ट कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला उभी, पाऊस जोरात. "ऑन द फास्ट लोकल, स्टक फास्ट इन द रेन, अ फास्टिंग मॅन वॉज फास्ट अस्लीप, होल्डिंग फास्ट टु हिज टिफिन." पाच फास्ट आहेत. यातला वेगाचा कुठला ते तिला शोधायला सांगा, आणि तो नेमका उभा आहे हेही तिला दिसलं तर मला नक्की कळवा. उपास असताना त्या माणसाच्या डब्यात काय होतं हे ती विचारेलच, साबुदाण्याची खिचडी म्हणून सांगा.